हिशेब फळ्यावर : दाभोळच्या गॅसपासून आपल्या पेट्रोल पंपापर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या आठवड्यात दुर्गदबैलात भाजी घेताना आपल्याच एका सभासदांनी मला गाठलं आणि म्हणाले, "काय हो, गणपतीच्या मांडवात पेट्रोल आणि गॅसवर बोलणार म्हणे? त्यापेक्षा एखादं कीर्तन ठेवायचं." त्यांचं म्हणणं मी अगदीच मनावर घेतलं नाही असं नाही. पण मी त्यांना म्हटलं, "मी बोलणार आहे ते आपल्या फळ्याबद्दल. तेल आणि गॅस हे त्याचं निमित्त."

कुठला फळा, ते तुम्हाला सांगायला नको. विसर्जन झालं की मांडवाच्या खांबाशेजारी लागतो तो. वर्गणी इतकी जमली, मूर्तीला इतके, मांडवाला इतके, विजेला इतके, महाप्रसादाला इतके, शिल्लक इतकी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेढ्यांचे हिशेब लिहिले आणि काही वर्षं मंडळाचा खजिनदार होतो. तुम्हाला खरं सांगतो, पेढीच्या ताळेबंदावर सही करताना मला कधी भीती वाटली नाही, पण हा फळा लिहिताना हात थरथरायचा. कारण तो वाचायला दाजीबानपेठेतल्या आजी यायच्या. चष्मा पुसून एकेक ओळ वाचायच्या आणि विचारायच्या, "का रे, मागच्या वर्षी विजेला एवढे नव्हते. यंदा कसे?" मग मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं लागायचं.

हल्ली दोन मोठे शब्द फार ऐकू येतात. पारदर्शकता आणि उत्तरदायित्व. त्यांचा अर्थ मला या फळ्यानं शिकवला. फळा लावणं ही पारदर्शकता. आजींसमोर उभं राहून उत्तर देणं हे उत्तरदायित्व. नुसता फळा लावून खजिनदार गावाला गेला तर उपयोग नाही, आणि खजिनदार समोर आहे पण फळाच नाही, तरी आजी विचारणार काय? दोन्ही हवं. आपले कन्नड शेजारी दोन शब्दांत सांगतात, "लेक्का कोड्री." हिशेब द्या.

आता तेल आणि गॅसच का? कारण या देशातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सक्तीची वर्गणी तीच आहे. गणपतीची वर्गणी एखादा नाही म्हणू शकतो. डिझेलची वर्गणी कोणालाच चुकत नाही. ज्याच्याकडे सायकलही नाही, तोसुद्धा बसच्या तिकिटात आणि कांद्याच्या भावात ती देतो. आणि जे जमिनीखालून किंवा समुद्राखालून निघतं, ते कोणा कंपनीचं नसतं. भारताच्या सागरी हद्दीतली खनिजं केंद्राच्या स्वाधीन आहेत, असं राज्यघटनेचं २९७ वं कलम सांगतं. म्हणजे ती आपल्या सगळ्यांची आहेत आणि सरकार आपला खजिनदार आहे. तेव्हा फळा मागायचा हक्क आपला.

आपल्याला जवळचं उदाहरण घेऊ. हुबळी-धारवाडात आता बऱ्याच घरांत नळीनं गॅस येतो. आपल्या भागाला गॅस पुरवणारी मोठी पाइपलाइन दाभोळहून निघते. सह्याद्री चढून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड अशी येते आणि पुढे बंगळूरुकडे जाते. सुमारे हजार किलोमीटरची ही गेलची पाइपलाइन २०१३ साली सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज ज्या वाटेनं पोटापाण्यासाठी घाटावर आणि मग इकडे आले, साधारण त्याच वाटेनं आता कोकणातून गॅस येतो. नळीतला अमुक गॅस कुठल्या विहिरीतला हे कोणी ओळखू शकत नाही, तो वाटेत मिसळतो. त्याचा हिशेब कागदावरच ठेवावा लागतो. म्हणून कागद महत्त्वाचा.

दाभोळ म्हटलं की माझ्या पिढीला एकच नाव आठवतं, एन्रॉन.

माझ्या आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं. नाव दाभोळचं पडलं, पण प्रकल्प दाभोळ गावात नाही. तो वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात आहे. १९९४ च्या मे महिन्यात मी आंबे खायला मामाकडे गेलो होतो. जमिनीच्या नोटिसा आल्या होत्या, गावात दुसरा विषय नव्हता. रात्री ओटीवर मामानं मला विचारलं, "तू हिशेबातला माणूस. एवढी कंपनी येत्येय, करार झाला म्हणतात. त्यात काय लिहिलंय ते मला समजावून सांग." मी म्हटलं, "मामा, करार कुठे बघायला मिळेल?" तो म्हणाला, "ते तूच सांग. आमची जमीन जायची आणि कागद आम्हालाच दाखवत नाहीत."

मी काही सांगू शकलो नाही. मामा आज नाही. पण त्याचा प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे, आणि आजचं व्याख्यान हे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

काय लिहिलं होतं त्यात? आता सगळं बाहेर आलेलं आहे, म्हणून सांगता येतं. एन्रॉनची मंडळी जून १९९२ मध्ये महाराष्ट्रात आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर प्राथमिक करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या कोणाकडून निविदा मागवल्याच नाहीत. आपण मांडवाचं काम देतानासुद्धा दोघा-तिघांचे भाव विचारतो. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेनं कळवलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य नाही आणि त्याला आम्ही पैसे देणार नाही. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला, तोही वीस वर्षांचा. त्या वेळी लोकांसमोर तो ठेवला गेला नाही.

करारातली मुख्य गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. समजा, आपण आचाऱ्याशी ठरवलं की रोज हजार पानांचे पैसे देऊ. जेवायला हजार येवोत की तीनशे येवोत, भट्टीचं आणि भांड्यांचं भाडं पूर्ण द्यायचं. शिवाय हे भाडं डॉलरच्या भावाशी बांधायचं. शिवाय तेल-तूप महागलं तर ती वाढ वेगळी. आणि आपण पैसे थकवले तर आपल्या वतीनं नगरपालिका देईल, तिनं थकवले तर राज्य देईल. दाभोळचा करार साधारण असा होता. वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार द्यायचा. डॉलरची जोखीम आपली, इंधनाच्या भावाची जोखीम आपली. वर राज्य सरकारची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी.

आता कोणी विचारेल की हे इतक्या मोठ्या माणसांना कळलं नाही का? कळणारे होते. पुण्यातल्या प्रयास या संस्थेतल्या अभ्यासकांनी आकडेमोड करून दाखवलं की ही वीज घेतली तर मंडळ खड्ड्यात जाईल. गावातले लोक मोर्चे काढत होते, मृणालताई गोरे, मेधाताई पाटकर त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या कोळणींना पहाटे घरांतून ओढून पोलिसांनी मारलं, त्याची दखल परदेशातल्या मानवी हक्क संघटनांनीसुद्धा घेतली. म्हणजे प्रश्न विचारणारे होते. उत्तर द्यायला कोणी बांधील नव्हतं, एवढंच.

मी इथे कुठल्या पक्षाला नावं ठेवायला आलो नाही, आणि या गोष्टीत ते करताही येत नाही. एका सरकारनं करार केला. दुसऱ्यानं तो ३ ऑगस्ट १९९५ ला रद्द करण्याची घोषणा केली आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी करून पहिल्यापेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारनं मे १९९६ मध्ये, जाता जाता, प्रतिहमीवर शिक्का मारला. सगळ्या रंगांचे हात त्या कागदाला लागलेले आहेत.

मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. गॅस यायला अवकाश होता, म्हणून केंद्र नाफ्त्यावर चालवलं. २००० साली नाफ्त्याचे भाव चढले. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, तो आता पंचेचाळिशीच्या पुढे गेला होता. मंडळाला वीज इतकी महाग पडू लागली की ते कमी वीज घेऊ लागलं. पण कमी घेतली तरी भट्टीचं भाडं पूर्णच होतं. त्यामुळे काही महिन्यांत एका युनिटचा हिशेब सात रुपयांच्या पुढे गेला. बिलं थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं थेट केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं. त्याच वर्षी केंद्र बंद पडलं, आणि २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तिथे तर खोट्या हिशेबांचाच डोंगर निघाला.

राज्य सरकारनं माजी केंद्रीय गृहसचिव डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एप्रिल २००१ च्या अहवालात समितीनं स्पष्ट म्हटलं की हे राज्यकारभाराचं अपयश आहे, आणि ते एका सरकारचं नाही, राज्यात आणि केंद्रात सगळ्या पातळ्यांवरचं आहे. मला त्यातली खरी वेदना अशी वाटते की हा अहवाल आला तेव्हा पैसे गेलेले होते. आयडीबीआय, स्टेट बँक अशा आपल्याच संस्थांची कर्जं त्यात अडकली होती. जो फळा १९९३ साली लागायला हवा होता, तो २००१ साली लागला. मांडव मोडून पडल्यावर हिशेब लावला, तर आजी वाचून करणार काय?

पुढे २००५ साली गेल, एनटीपीसी वगैरे सरकारी कंपन्यांनी मिळून ते केंद्र ताब्यात घेतलं. अर्धवट राहिलेलं द्रवरूप गॅसचं टर्मिनल २०१३ साली सुरू झालं. तेही कसं? समुद्राच्या लाटा अडवणारा बांध अपुरा होता, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्याचे चार महिने तिथे जहाज लागू शकत नसे. जिथून आपल्याकडे गॅसची वाट सुरू होते, तिथे ही कहाणी घडली आहे.

दाभोळचं वीजकेंद्र काही वर्षं आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर चाललं. तो गॅस २००९ साली निघू लागला, अपेक्षेपेक्षा फार लवकर आटला, आणि २०१३ मध्ये दाभोळचं केंद्र पुन्हा थंडावलं. तिथला हिशेबही समजून घेण्यासारखा आहे.

त्या काळच्या करारांची रीत अशी होती : कंपनीनं आपल्या पैशानं विहीर खणायची. गॅस विकून आधी कंपनीचा खर्च वसूल होणार, मग जो नफा उरेल त्यात सरकारचा वाटा. जितका खर्च जास्त, तितका सरकारचा वाटा उशिरा आणि कमी. आपल्या आचाऱ्याला सांगून बघा, "आधी तुझा खर्च काढ, उरेल त्यात अर्धं मंडळाला." त्याचा खर्च कमी होणार की वाढणार? माणूस प्रामाणिक असेलही. पण व्यवस्था अशी ठेवू नये की प्रामाणिकपणा हाच एकमेव पहारेकरी.

या क्षेत्राच्या विकासखर्चाचा अंदाज २.४ अब्ज डॉलरवरून ८.८ अब्ज डॉलरवर गेला. उत्पादनाची क्षमताही दुप्पट धरली होती, हे सांगितलं पाहिजे. खर्च कितपत योग्य यावर सरकार आणि कंपनी यांच्यात लवादापर्यंत वाद गेला, त्यात मी निवाडा देणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, २०११ च्या अहवालात या कराराच्या रचनेवरच बोट ठेवलं आणि कंपनीकडून कागद मिळवताना आलेल्या अडचणीही नोंदवल्या. देशाचा हिशेबनीस देशाच्या गॅसचा हिशेब मागतो आणि त्याला वही सहज मिळत नाही, ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे. एवढं मात्र झालं की २०१६ साली धोरण बदललं. आता नव्या क्षेत्रांत पहिल्या रुपयापासून महसुलात वाटा ठरतो, खर्चाचा वाद कमी होतो. टीका झाली, कागद बाहेर आले, म्हणून हे बदललं.

तिसरी गोष्ट थोडी कोरडी आहे, पण माझ्या खजिनदाराच्या मनाला ती सगळ्यात जास्त लागते. १९७४ साली संसदेनं तेल उद्योग विकास कायदा केला. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर उपकर घ्यायचा आणि तो तेल उद्योगाच्या विकासासाठी एका मंडळाकडे द्यायचा, असा हेतू. कॅगनं २०२० साली संसदेत मांडलेल्या अहवालात लिहिलं की आधीच्या दशकात या उपकरातून जमलेले १ लाख २४ हजार कोटींहून अधिक रुपये त्या मंडळाच्या निधीत गेलेच नाहीत, सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत राहिले. आता, ते कोणी खाल्ले असं नाही. देशाच्या कुठल्या तरी कामालाच आले असतील. पण समजा मी तुमच्याकडून महाप्रसादाची म्हणून वेगळी वर्गणी घेतली आणि ती मांडवात खर्च केली. चोरी झाली नाही. तरी आजी मला सोडतील का? "ज्या नावानं घेतलेस त्यावर खर्च कर, नाहीतर येऊन सांग," एवढंच त्या म्हणतील. आणि ते बरोबर आहे.

आत्तापर्यंत मी डॉलर आणि कोटींच्या गोष्टी सांगितल्या. हे सगळं शेवटी जिथे येऊन पोचतं, ती जागा आपल्या रोजच्या वाटेवर आहे. पेट्रोल पंप. इथे मला दोन माणसांची नावं घ्यायची आहेत. एक कर्नाटकाचा, एक महाराष्ट्राचा. आपण हुबळीकर मराठी माणसं दोघांचेही.

मंजुनाथ षण्मुगम हा आपल्या राज्यातल्या कोलारकडचा मुलगा. म्हैसूरला इंजिनिअरिंग केलं, लखनौला आयआयएममध्ये शिकला, इंडियन ऑइलमध्ये अधिकारी झाला. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीचं इंधन विकणाऱ्या एका पंपावर त्यानं कारवाई केली आणि पुन्हा तपासायला गेला. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला गोळ्या घालून मारलं. वय सत्तावीस. त्याच्या मित्रांनी खटला सोडला नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली.

यशवंत सोनवणे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाच्या भेसळीचा प्रकार त्यांच्या नजरेस पडला. ते थांबले आणि जाब विचारला. भरदिवसा त्यांना पेटवून देण्यात आलं. दोन दिवसांनी राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले.

या दोघांना मारणारे हात गुंडांचे होते. पण त्या हातांना पैसा कुठून मिळत होता? रेशनच्या निळ्या रॉकेलचा भाव आणि डिझेलचा भाव यांत त्या काळी तिपटीहून जास्त अंतर होतं. गरिबाच्या चुलीसाठी सरकार जो पैसा ओतत होतं, तो टँकरमधून डिझेलच्या टाकीत जात होता. रेशनच्या वहीत सगळं बरोबर दिसत होतं. रॉकेल आलं, वाटलं, संपलं. ती वही फळ्यावर नव्हती. ज्याच्या नावावर रॉकेल खर्ची पडलं, त्या म्हाताऱ्या बाईला ते माहीतच नव्हतं. जिथे हिशेब अंधारात असतो, तिथे तो तपासायला जाणारा माणूस एकटा पडतो. मंजुनाथ एकटा होता. सोनवणे जवळजवळ एकटे होते. लाखो लोक त्यांच्या बाजूनं रस्त्यावर आले, पण नंतर.

मग उजेड पाडला तर फरक पडतो का? पडतो. त्याचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. जून २०१२ मध्ये तेल कंपन्यांनी सिलिंडरचा हिशेब संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला. कोणत्या ग्राहकानं वर्षात किती सिलिंडर घेतले, कोणीही बघावं. वर्तमानपत्रांनी बघितलं आणि काही पुढाऱ्यांच्या नावावर वर्षाला शंभराहून जास्त सिलिंडर निघाले. आपल्या घरी सात-आठ लागतात! त्याच वर्षी अनुदानाच्या सिलिंडरवर मर्यादा आली, आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर अनुदान थेट बँकखात्यात जमा होऊ लागलं. लाभार्थी कोण, पैसे कोणाला, हे नावानिशी दिसू लागलं, तशी हॉटेलांकडे आणि गाड्यांकडे वळणाऱ्या घरगुती सिलिंडरची वाट अरुंद झाली. तसंच, घरगुती गॅससाठी वापरल्या जाणाऱ्या देशी गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून एका जाहीर सूत्रानं ठरतो आणि दर महिन्याला प्रसिद्ध होतो. सूत्र योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला कागद समोर आहे. माझ्या मामाला तेवढंही मिळालं नव्हतं.

बाहेरच्या जगात नॉर्वेचं नाव सगळे घेतात. समुद्रातल्या तेलाचे पैसे ते लोक एका निधीत ठेवतात. त्याचा कायदा १९९० सालचा, पहिली रक्कम १९९६ सालची. निधीत आत्ता किती आहे तो आकडा त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. मोठाच फळा म्हणायचा! शिवाय २००३ पासून एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. तिच्यात कंपन्यांनी सांगायचं आम्ही सरकारला किती दिलं, सरकारनं सांगायचं आम्हाला किती मिळालं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. पन्नासहून जास्त देश तिच्यात आहेत. भारत नाही. आपल्याकडे कॅग आहे, संसद आहे, २००५ चा माहितीचा अधिकार आहे, हे खरं. पण त्या कायद्याच्या आठव्या कलमात व्यापारी गुपिताची सवलत आहे, आणि करार मागितला की बहुतेक वेळा तेच कुलूप दाखवतात. त्याच कलमात असंही लिहिलंय की मोठं लोकहित असेल तर कुलूप काढता येतं. लोकांच्या गॅसचा वीस वर्षांचा करार हे लोकहित नसेल, तर दुसरं कोणतं?

आता तुम्ही म्हणाल, "काका, हे सगळं दिल्लीचं. आम्ही दाजीबानपेठेत बसून काय करणार?" सांगतो. तीन गोष्टी.

पहिली, पंपावर. पेट्रोल भरताना मीटरवर शून्य बघायचं हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. गाळण-कागदाची चाचणी मागता येते. पेट्रोलचा थेंब टाकला, उडून गेला आणि डाग राहिला नाही, तर बरं. घनतेची रोजची नोंद बघता येते. तक्रारवही मागता येते. मी चाळीस वर्षं स्कूटर चालवली. हिशेबातला माणूस. आणि तुम्हाला लाजेनं सांगतो, चाळीस वर्षांत एकदाही माप मागितलं नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदा मागितलं. मागे उभ्या असलेल्या चार गाड्यांनी हॉर्न वाजवले. पंपावरच्या मुलानं शांतपणे मोजून दाखवलं. माप बरोबर निघालं. तो हसून म्हणाला, "यारू केळोदिल्ल री." कोणी विचारतच नाही हो. मला वाटलं, मंजुनाथ तपासायला एकटा का पडला, त्याचं उत्तर या मुलानं दिलं. आपण कोणी विचारत नाही, म्हणून विचारायचं काम एकट्या अधिकाऱ्यावर येऊन पडतं.

दुसरी, घरी. नळीच्या गॅसचं बिल येतं तेव्हा नुसती एकूण रक्कम बघून मोबाईलवर पैसे भरू नका. युनिट किती, भाव किती, कर किती, एवढं वाचा. भाव बदलला तर का, ते कंपनीला लिहून विचारा. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना ते वाचायला बसवा.

तिसरी, मंडळात. आपले बरेच तरुण सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, काही जण बंगळूरु-पुण्याला संगणकावर बसतात. त्यांना माझी विनंती आहे. कॅगचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. वर्षातून एक अहवाल घ्या, आपल्या मराठीत आणि शेजाऱ्यांच्या कन्नडमध्ये चार पानांत समजावून सांगा, आणि इथे मांडवात वाचा. लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला, तो लोकांनी एकत्र येऊन चार गोष्टी बोलाव्यात म्हणूनच. त्या काळी आपली हुबळीही मुंबई इलाख्यातच होती. त्या चार गोष्टींत हिशेबाची गोष्ट बसत नाही, असं मला वाटत नाही.

शेवटी मामाकडे येतो. १९९४ च्या त्या रात्री मी त्याला म्हटलं होतं, "मामा, एवढे मोठे करार आपल्याला काय कळणार?" तो काही बोलला नाही. सुपारी कातरत राहिला. आज मला कळतं, ते माझं वाक्य चुकीचं होतं. करारात होतं काय? भट्टीचं भाडं, डॉलरचा भाव, आणि थकलं तर कोण देणार. हे मामाला पाच मिनिटांत कळलं असतं. त्याच्यासमोर कोणी ठेवलंच नाही, आणि मी, हिशेबातला माणूस, "आपल्याला काय कळणार" म्हणून मोकळा झालो.

म्हणून एवढंच सांगतो. अनंत चतुर्दशीनंतर आपला फळा लागेल. खजिनदार तिथे उभे असतील. सगळ्यांनी या, वाचा, आणि विजेला इतके का लागले, ते त्यांना जरूर विचारा. ती सवय मोडू देऊ नका. तीच सवय घेऊन उद्या पंपावर जायचं आहे.

गणपती बाप्पा मोरया!